मण्यार चावली तेव्हा मी सगळं ऐकत होते

“हिला कुणी विष दिलेलं नाही. हिला साप चावलाय. मण्यार.”

डॉक्टरांचं हे बोलणं मी ऐकलं तेव्हा माझे डोळे मिटलेले होते. उघडायचे म्हटले तरी उघडत नव्हते. जीभ हलत नव्हती, मान वळत नव्हती, आणि हात तर दुसऱ्या कोणाचे असावेत असे बाजूला पडले होते. खोलीतल्या सगळ्यांना वाटत होतं की मी बेशुद्ध आहे. मी बेशुद्ध नव्हते. मला शब्द न् शब्द ऐकू येत होता.

ते वाक्य ऐकून माझ्या जिवात जीव आला. आणि लगेच आधीपेक्षाही जास्त भीती वाटली. कारण हे वाक्य जिथं ऐकायला हवं होतं तिथं, आमच्या गावात, ते कोणीच ऐकलं नव्हतं. तिथं माझी मोठी जाऊ सखूबाई पाटलाच्या गोठ्यात खांबाला बांधलेली होती. मी मेले असते तर तिलाही जिवंत ठेवणार नव्हते.

हे झालं एकोणीसशे पन्नास-साठच्या दरम्यान. तेव्हा आमचा जिल्हा चांदा. आमचं गाव जंगलाच्या कडेला, एका जुन्या तलावाखाली. आमचं घर मासे मारणाऱ्यांचं. थोडी धानाची शेती होती, पण पोट खरं तलावावर. घरात चौघं जण. सासू, माझा नवरा श्रावण, मी आणि सखूबाई. सखूबाईचा नवरा, म्हणजे माझे भासरे, तलावात जाळं सोडवायला उतरले आणि वर आलेच नाहीत. तेव्हापासून गावात तिच्याबद्दल कुजबुज सुरू झाली. कोणाची गाय मेली, कोणाच्या लेकराला गोवर झाला, की बाया तिच्याकडे पाहून पदर ओढून घ्यायच्या.  सखूबाई पहाटे उठायची, तलावाच्या बांधावरच्या मातामाय देवीला पाणी घालायची आणि कामाला लागायची.

भादवा होता. धानाची रोवणी उरकली होती. त्या दिवशी सखूबाईनं मासे रांधले आणि आम्ही दोघी एकाच ताटात जेवलो. हे मी मुद्दाम सांगते आहे. मी जमिनीवर चटई टाकून झोपले. कोपऱ्यात जाळ्यांचा ढीग होता, तो नेहमीच असायचा.

पहाटे पोटात कळ आली म्हणून जाग आली. बाकी काही नाही. चावल्याचं दुखणं नाही, सूज नाही, रक्त नाही. उलटी झाली. वाटलं, मासे बाधले. चूल पेटवायला बसले तर समोरची एक कढई मला दोन दिसू लागली. पापण्या जड झाल्या. बोटानं वर उचलायची, सोडली की खाली.

सखूबाई म्हणाली, “भागरथा, डोळे काऊन मिटून राह्यली वो? झोप लागून राह्यली का?”

मला ‘नाई’ म्हणायचं होतं. तोंडातून नुसता घोगरा आवाज आला. जीभ सुजल्यासारखी वाटत होती. मी उठायला गेले आणि तिच्या अंगावर पडले.

सासूनं आरडाओरडा केला. शेजारपाजारचे जमले. सासू म्हातारी, एक मुलगा गमावलेली. ती भ्याली होती हे आज मला समजतं. पण तेव्हा तिच्या तोंडून पहिला प्रश्न निघाला तो हा: “मासे कोनं रांधले होते?”

“मीच रांधले माय,” सखूबाई म्हणाली. “मीबी तेच खाल्ले. एकाच ताटात खाल्ले.”

“मंग तुले काऊन काई झालं नाई?”

  मला तरी कुठं माहीत होतं मला काय झालंय ते!

पुजाऱ्याला बोलावलं. तो मातामायचा पुजारी. माझ्या लग्नानंतर पहिल्यांदा मला देवीपुढे नेलं तेव्हा त्यानंच माझ्या कपाळाला कुंकू लावलं होतं. मी त्याला मानायची. त्यानं सुपात तांदूळ घेतले, पुटपुटला, माझ्या डोक्यावरून लिंबू फिरवलं. तोंडात कडुनिंबाचा पाला कोंबला. तो मला गिळता येईना, बाहेरही काढता येईना. मी गुदमरत होते आणि लोकांना वाटत होतं, अंगातलं भूत जोर करतंय.

मग तो म्हणाला, “मातामाय सांगून राह्यली, घरातल्याच बाईची करनी हाये.”

त्या क्षणाची भीती मी कशी सांगू? मरणाची भीती होतीच. पण ही वेगळी होती. लहानपणापासून माझा बाप सांगायचा, “बाई, आपलं कोनी नसलं तरी देव पायते. त्याच्या घरी खोटं चालत नाई.” मी त्या शब्दाच्या भरवशावर वाढले. आणि आता देवीच्याच नावानं एका निरपराध बाईला धरलं होतं. देवीच खोटं बोलत असेल, तर मग जायचं कुठं?

मला सखूबाईला ओढत नेल्याचं ऐकू आलं. बांगड्या फुटल्या. कोणीतरी म्हणालं, “केस धरा तिचे.” मला ओरडायचं होतं. सगळा जोर घशात आणला. आवाज आला नाही.

तिचा आवाज मात्र आला. ती स्वतःसाठी गयावया करत नव्हती. ती ओरडत होती, “मले बांधा, मले मारा, पन तिले मोटारीवर न्या! भाऊजी, तिले दवाखान्यात न्या! इथी ठेवाल तं मरन ते!”

माझा नवरा तोवर नुसता उभा होता. तो त्या हाकेनं हलला असावा. सासू नको म्हणत होती, पुजारी म्हणत होता की गावाची शीव ओलांडली की बाई मरेल. पाटील म्हणाला, “ने. पन हे तुही वयनी इथीच राहील, माह्या गोठ्यात. तुही बायको बोलती झाली तं पाहू. नाई तं गाव पाहून घेईल.”

‘गाव पाहून घेईल’ म्हणजे काय, हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं. मी लग्न होऊन येण्याआधी त्याच गावात एका म्हातारीला असंच पाहून घेतलं होतं.

बैलगाडीनं सडकेपर्यंत, तिथून तालुक्याला जाणाऱ्या मोटारीनं. गाडीत नवऱ्यानं माझं डोकं मांडीवर घेतलं होतं. श्वास घेणं हे काम असतं, हे मला त्या दिवशी कळलं. एरवी कोण लक्ष देतं! आता प्रत्येक श्वास मला ओढून आणावा लागत होता, विहिरीतून बादली ओढावी तसा. आणि दोर हातातून सुटत चालला होता.

मोटारीतला एक माणूस म्हणाला, “हे तं मेली जी. मढं कायले घेता मोटारीत?”

माझं मढं म्हटलेलं मी माझ्या कानांनी ऐकलं. मनात आलं, आता हे मला उतरवतील. उतरवतील, परत नेतील, आणि मी ऐकत असतानाच सरणावर ठेवतील. मला आगीची भीती वाटली. खरोखर, कातडीला चटका बसावा तशी.

“हात गरम हाये,” माझा नवरा म्हणाला. “पाहा, हात लावून पाहा जी. गरम हाये.”

ड्रायव्हरनं हात लावून पाहिला असावा. मोटार चालू झाली.

दवाखाना लहानच होता. डॉक्टर तरुण, नागपूरकडचे. त्यांनी बोटानं माझ्या पापण्या उघडल्या, बत्ती मारली, गुडघ्यावर काहीतरी ठोकून पाहिलं. नवऱ्याला विचारलं, कुठं झोपली होती, खाली की खाटेवर? पोट दुखलं का? डोळे आधी मिटले की हातपाय आधी गेले? “कोनं विष तं नाई दिलं न साहेब?” नवऱ्यानं विचारलं, तेव्हा डॉक्टर ते वाक्य बोलले, जे मी सुरुवातीला सांगितलं.

नवरा म्हणाला, “पन चावल्याची खून नाई साहेब.”

“मण्यारीची खूण बहुतेक दिसत नाही. दात बारीक असतात. झोपलेल्या माणसाला कळतही नाही.” ते सिस्टरला म्हणाले, “न्यूरोटॉक्सिक आहे.” म्हणजे हे विष रक्तावर नाही, नसांवर काम करतं. नसांकडून स्नायूंना जो निरोप जातो, तो अडवतं. आधी पापण्या, मग जीभ आणि घसा, मग हातपाय, आणि शेवटी छाती. शेवटच्या पायरीला ते रेस्पिरेटरी पॅरालिसिस म्हणाले. म्हणजे श्वासाच्या स्नायूंना लकवा. हे सगळं मला पुढे सिस्टरनं समजावून सांगितलं. तेव्हा मला एवढंच समजलं की छाती राहिली आहे, आणि तीही चालली आहे.

अँटिव्हेनिन म्हणजे सापाच्या विषावरची लस. ती थोडी शिल्लक होती, ती त्यांनी शिरेतून दिली. पण ते नवऱ्याला स्पष्ट म्हणाले, “लस उशिरा मिळाली आहे. ती आता लकवा लगेच उतरवणार नाही. तो आपला आपण उतरेल. तोवर हिचा श्वास आपल्याला चालवावा लागेल.”

मग त्यांनी माझं तोंड उघडून घशातून श्वासनळीत एक नळी घातली. मी जागी होते. मला ठसका देता येत नव्हता, हात झटकता येत नव्हता. ते वाईट करत नव्हते, जीव वाचवत होते, पण मला वाटलं मला मारताहेत. त्या नळीला एक रबरी पिशवी जोडली. ऑपरेशनच्या वेळी गुंगी देण्याच्या सामानातली ती पिशवी. दाबली की माझी छाती वर यायची, सोडली की खाली जायची. दाबणारा थांबला तर मी थांबणार.

एकदम माझ्या कानाशी डॉक्टरांचा आवाज आला. “बाई, माझं ऐकू येत असेल तर पायाचा अंगठा हलवा.”

माझं तोंड बंद झाल्यापासून पहिल्यांदा कोणीतरी माझ्याशी बोललं होतं. माझ्याबद्दल नाही, माझ्याशी. माझ्याजवळ जेवढा म्हणून जीव उरला होता तेवढा मी उजव्या पायाच्या अंगठ्यात नेला.

“अंगूठा हिला, डाक्टरसाब!” सिस्टर ओरडली. ती सिरोंचाकडची, तेलुगू बोलणारी. आमच्याशी हिंदी-मराठी मिसळून बोलायची. “अम्मा सुन रही है!”

ठरलं की ‘हो’साठी एकदा हलवायचा, ‘नाही’साठी दोनदा. मग सिस्टर विचारू लागली. दुखतंय का? थंडी वाजते का? पाणी पाहिजे का? मी हो-नाही सांगत गेले. आणि प्रश्नागणिक माझी भीती वाढत गेली. कारण मला जे सांगायचं होतं त्याचा प्रश्नच कोणी विचारत नव्हतं. माझ्या नवऱ्यानं गावातली गोष्ट डॉक्टरांना सांगितलीच नव्हती. लाजेनं म्हणा, भीतीनं म्हणा. तो माझ्या उशाशी बसून पिशवी दाबत होता. त्याचे हात कापत होते, ते मला माझ्या छातीत जाणवत होतं.

बऱ्याच वेळानं तो वाकला. “भागरथा,” तो हळूच म्हणाला, “वयनीनं तं काई केलं नाई न?”

देवा! या प्रश्नाला एकदा हलवू की दोनदा? एकदा हलवला तर तो समजेल, हो, केलं. दोनदा हलवला तर समजेल, नाही, काही केलं नाही असं नाही. मी अंगठा हलवलाच नाही. त्यानं पुन्हा तसंच विचारलं. मी गप्प. मला त्याचा श्वास जड होताना ऐकू आला. त्याला काय वाटत असेल या विचारानं मी आतून वेडी झाले.

सिस्टर म्हणाली, “ऐसा नहीं पूछना, भाऊ. सीधा पूछो.”

तो पुन्हा वाकला. मग म्हणाला, “वयनीनं तुले काई खाऊ घातलं का? करनी केली का?”

दोनदा. एक, आणि मग खूप कष्टानं दुसऱ्यांदा. दुसरा हलला की नाही, माझं मला कळलं नाही.

“दो बार,” सिस्टर म्हणाली.

आणि मग माझा नवरा रडायला लागला आणि रडता रडता त्यानं डॉक्टरांना सगळं सांगितलं. गोठा, खांब, पाटील काय म्हणाला ते. डॉक्टरांनी त्याच्या हातातून पिशवी आपल्याकडे घेतली. मग म्हणाले, “तर इथं काय करताय तुम्ही? जा.”

“हिले सोडून कसा जाऊ साहेब? तुमीच म्हनता, पिशवी थांबली का संपलं.”

“पिशवी दाबायला मी माणसं शोधतो. तिकडे बोलायला दुसरं कोणी नाही.” मग त्यांनी सांगितलं, जिथं ही झोपली होती तिथली अडगळ लांब काठीनं उचकायची. मण्यार दिवसा सुस्त पडून राहते. कदाचित अजून तिथंच असेल. हात घालायचा नाही.

नवऱ्यानं माझ्या कानाशी तोंड आणलं. “भागरथा, जाऊ का मी?”

मला तो जायला नको होता. खरं सांगते. त्याच्या हाताची ऊब तेवढी माझ्या ओळखीची होती त्या अंधारात. तो गेला आणि मी मेले, तर अनोळखी माणसांत मरणार. तो गेला नाही, तर सखूबाई.

मी अंगठा एकदा हलवला.

कंपाउंडरची सायकल घेऊन तो गेला.

त्यानंतरचा वेळ किती होता ते मी सांगू शकत नाही. डोळे मिटलेल्याला सगळा वेळ सारखाच. डॉक्टर पिशवी दाबायचे, सिस्टर दाबायची. बाजूच्या खाटेवरच्या लेकराची आजी पुढे आली, म्हणाली, “द्या जी, मी दाबते, ढेंकीवर धान कांडलं हाये जलमभर.” पाय मोडून पडलेला एक बांबू तोडणारा गोंड माणूस होता, त्याची खाट माझ्या शेजारी सरकवली, तोही दाबायला लागला. चेहरा एकाचाही मला माहीत नव्हता. हात मात्र ओळखू यायला लागले. आजीचा दाब सावकाश, त्या माणसाचा भरभक्कम. मधेच हात बदलताना एखादा श्वास चुकायचा. त्या फटीत मी संपूर्ण एकटी असायची.

त्या फटीत मी मातामायशी बोलले. माझ्या तोंडून स्तोत्र वगैरे काही आलं नाही, मला येतही नव्हतं. मी म्हटलं, “माय, त्याच्या तोंडून तूच बोलली असशील, तं मले वाचवू नको. मले तुह्या राज्यात राहायचं नाई. पन तू बोलली नसशील, तुह्या नावानं तो बोलला असेल, तं तिले राख. तू पाह्यलं हाये. आमी एका ताटात जेवलो ते तू पाह्यलं हाये. माह्यं तोंड बंद हाये. तू बोल.”

कोणी उत्तर दिलं नाही. मला काही दिसलं नाही, शांतही वाटलं नाही. विश्वास ठेवला की भीती जाते, असं लोक सांगतात. माझी गेली नाही. मी भीत भीतच विश्वास ठेवला, कारण दुसरं धरायला काही नव्हतं.

डोळ्यांवर उजेड पडल्यासारखा लालसरपणा जाणवला तेव्हा सकाळ झाली असावी. बाहेर बोलणं ऐकू आलं. मग पावलं. मग तो आवाज.

“कुठी हाये ते?”

सखूबाईचा आवाज. घोगरा, ओरडून ओरडून बसलेला, पण तिचाच. सिस्टरनं बोटानं माझी एक पापणी वर उचलली. नजर अजून ठिकाणावर नव्हती. मला दोन सखूबाई दिसल्या, एकीवर एक सरकलेल्या. दोघींच्या ओठावर रक्त वाळलेलं. दोघींच्या मनगटांवर दोराचे वळ.

 तिनं आजीच्या हातून पिशवी घेतली आणि दाबायला लागली.

गावात काय झालं ते नवऱ्यानं पुढे सांगितलं. तो दिवेलागणीला पोचला तेव्हा गोठ्याबाहेर माणसं जमली होती. माझी खबर येण्याची वाट पाहत होती. त्यानं सांगितलं, डॉक्टर म्हणतात मण्यार चावली. पुजारी हसला. पाटील म्हणाला, “साप दाखव.” तेव्हा माझ्या नवऱ्यानं पाटलाचा हात धरला आणि त्याला आमच्या घरात नेलं. मागे सगळे. कंदील लावला, लांब काठी घेतली. चटई उचलली, काही नाही. मडकी सरकवली, काही नाही. लोक बोलायला लागले. मग जाळ्यांचा ढीग. वरचं जाळं उचललं, दुसरं उचललं. तिसऱ्याखाली ती वेटोळं करून पडली होती. काळी, अंगावर पांढरे पट्टे. सगळ्यात आधी पाटील मागे सरला. ती सरपटत भिंतीकडे निघाली तेव्हा श्रावणनं तिला मारलं, काठीवर धरून गोठ्यासमोर नेऊन टाकली, आणि स्वतः आत जाऊन दोर सोडला. कोणी त्याला अडवलं नाही. कोणी मदतही केली नाही.

आधी पापण्या सुटल्या. मग मान. मग एक दिवस डॉक्टरांनी पिशवी थांबवली आणि सगळे माझ्या छातीकडे पाहत राहिले. ती आपली आपण वर आली. थोडीशीच. पण आली. नळी काढल्यावर घसा इतका सोलवटला होता की पाणीही टोचायचं. बोलता यायला लागलं तेव्हा मी पहिल्यांदा काय बोलले, असं लोक विचारतात. मी म्हणाले, “बाई, तुमी जेवल्या का?” सखूबाई तेव्हा कुठं रडली.

निघायच्या दिवशी मी डॉक्टरांच्या पाया पडायला गेले. ते मागे सरले. म्हणाले, “माझ्या नका पडू. लस तर मी उशिरा दिली. तुमच्यासाठी किती जणांनी हात चालवले ते पाहिलं ना?” मी पाहिलं नव्हतं, पण मला माहीत होतं. आजीच्या पाया पडले. तो बांबू तोडणारा माणूस आधीच घरी गेला होता. त्याचं नाव मी विचारलंच नव्हतं. विचारायला तोंड नव्हतं आणि मग तो नव्हता. त्याच्यासाठी मी अजूनही मातामायपुढे एक फूल ठेवते.

गावी परतल्यावर सगळं नीट झालं, असं मी सांगितलं तर ते खोटं होईल. पाटील माझ्या नवऱ्याला म्हणाला, चूक झाली. सखूबाईला म्हणाला नाही. पुजाऱ्यानं सांगायला सुरुवात केली की साप खरा, पण तो पाठवला कोणी? काही जणांनी ते मानलंही. सासू बरेच दिवस सखूबाईच्या डोळ्याला डोळा देत नव्हती. एका सकाळी तिनं आपल्या हातानं सखूबाईच्या मनगटाला तेल लावलं.  आमच्या घरापुरता न्याय तेवढा झाला.

मी मातामायकडे जाणं सोडलं नाही. सखूबाईनंही नाही. फक्त आम्ही पुजाऱ्याला मधे घेणं सोडलं. देवीच्या नावानं माणूस काहीही बोलू शकतो, हे मी कानांनी ऐकलं आहे. आणि देवीला माणसाकडून काही करून घ्यायचं असतं तेव्हा ती बहुतेक बोलत नसावी. ती कोणाच्या तरी हातात रबरी पिशवी देते.

तुमच्या घरी असं झालं तर माझं एवढं ऐका. पहाटे कारण नसताना पोट दुखलं, पापण्या जड झाल्या, एकाचे दोन दिसायला लागले, तर खूण शोधत बसू नका. जमिनीवर झोपलेल्या माणसाला मण्यार चावल्याचं कळत नाही. तोंडात काही कोंबू नका, गिळता येत नसतं. दवाखान्यात न्या. आणि डोळे मिटलेल्या माणसासमोर त्याला मेला म्हणू नका. त्याच्या कानाशी जाऊन बोला. तो ऐकत असतो.

आणखी एक सांगून थांबते. यानंतर काही वर्षांनी तलावापलीकडच्या टोलीवर, छोट्या वस्तीत, एक पोरगं तापानं फणफणलं आणि लोकांनी त्याच्या काकूला धरलं. खबर आमच्याकडे आली तेव्हा मी आणि सखूबाई भाजी निवडत होतो. आम्ही दोघींनी एकमेकींकडे पाहिलं. श्रावण मासे घेऊन बाजारात गेला होता, त्याची वाट पाहिली नाही. शेतांच्या बांधावरून चालत गेलो. त्या काकूला एका खोलीत कोंडलं होतं आणि दारासमोर दहा-बारा माणसं उभी होती. आम्ही त्यांच्यामधून गेलो आणि उंबऱ्यावर बसलो. एक जण म्हणाला, “उठा बाई, तुमचं इथी काय काम?” त्याच्या हातात काठी होती. मी सखूबाईचा हात धरला होता, की तिनं माझा, आठवत नाही.  

मी तोंड उघडलं. आवाज निघाला. मग मी त्यांना पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली.